डावीकडचं बाकडं

दुपारची जेवणं उरकली, भांडी पालथी घातली आणि धाकटी कात्री घेऊन मागच्या खोलीत गेली. काम तसं साधं होतं. मागावरचं अर्धवट पांघरूण कापून काढायचं, ताणा सोडवायचा आणि खोली मोकळी करून द्यायची. भाऊजींनी सकाळी जेवताना मान खाली घालूनच सांगितलं होतं, "तेवढा माग काढून टाका. येता-जाता दिसतो... बघवत नाही." बायको, म्हणजे धाकटीची थोरली जाऊ, गेल्यापासून त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात लांब वाक्य. धाकटी नाही तरी कशी म्हणणार?

आता हा माग म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. अख्खी खोली अडवून बसलेला. त्यावर लोकरीचं पांघरूण विणायचं ते नवरा, बायको आणि मधे दोन पोरं झोपतील एवढं रुंद. म्हणून त्याला बाकडीही दोन. उजवं धाकटीचं, डावं थोरलीचं. आडवा धागा घेऊन पळणारा धोटा एकीने सोडायचा, दुसरीने झेलायचा. पायाखालच्या पावड्या दोघींनी एकदम दाबायच्या, तेव्हा कुठे ताण्याचे उभे धागे वर-खाली होऊन धोट्याला वाट मिळते. एकीनेच पाय दिला तर लाकूड नुसतं कण्हतं, धागे जागचे हलत नाहीत.

आणि बसणाऱ्या दोघी जावा. जावा-जावा उभा दावा म्हणतात ते काही उगाच नाही. पांघरुणाच्या डाव्या अर्ध्यात थोरलीची वेल असायची, उजव्या अर्ध्यात धाकटीची पाखरं. थोरली एकदा एका गिऱ्हाइकाच्या बायकोपुढे सहज बोलून गेली, "आमच्या धाकटीची पाखरं जरा लंगडतात हो." झालं. बोलणं बंद पडलं ते पडलंच. वर्षांमागून वर्षं गेली, पोरं मोठी झाली, पण या दोघी गप्पच. तरी रोज सकाळी आपापल्या बाकड्यावर हजर. मग धोटा कधी सोडायचा हे कळणार कसं? त्यावर धाकटीनेच तोड काढली होती. मागाच्या लाकडावर बोटाने दोनदा टकटक केलं की 'सोडू का?' थोरलीने एकदा टक केलं की 'सोड.' सगळा संसार त्या टकटकीवर चालला. दोघींचा पुरुषमाणसांना काही त्रास नव्हता, भांडणाचा आवाज म्हणून कधी घरात नाही.

ही जोडी अशी बांधून ठेवली ती सासूने. बाई मोठी धोरणी. वेल आणि पाखरं, दोन्ही तिच्या हातात होती, पण थोरलीला तिने फक्त वेल शिकवली आणि धाकटीला फक्त पाखरं. "दोघींच्या हातात अर्धं-अर्धं राहिलं म्हणजे घराला तडा जात नाही," असं म्हणायची, आणि एकमेकींना सांगायचं नाही अशी शपथ घालून गेली. बघून शिकावं म्हणाल, तर तीही सोय नाही. हे पांघरूण पालथं विणतात. विणणारीला वर दिसतात ती नुसती गाठी-टोकं, नक्षी सगळी खालच्या अंगाला. मधूनमधून खाली आरसा धरून चुकलं-माकलं बघायचं, एवढंच. गावातल्या एका विणकराने तयार पांघरुणावरून वेल उतरवलीही होती. दिसायला हुबेहूब, पण पहिल्याच धुण्यात आक्रसून तिचं बोचकं झालं. कुठला धागा आधी, कुठला किती सैल, हे डोळ्यांना कळत नाही, ते हातातच असावं लागतं.

म्हणजे थोरलीबरोबर वेल गेली. धाकटीला थोरलीच्या मरणाइतकंच याचं वाईट वाटत होतं, आणि असं वाटतं म्हणून लाजही वाटत होती. त्यात थोरलीची लेक. पायाला चाक असल्यासारखी लहानपणापासून घरभर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणत. शहरात नोकरी करते, खोली घेऊन एकटी राहते. पाहुणे पांगल्यावर ती काकूच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "काकू, आईने मला कधी मागाला हात लावू दिला नाही. तू तरी मला तिची वेल शिकव."

"मला येत नाही गं बाळा. देवाशपथ."

"म्हणजे आई सगळीच गेली," एवढंच पोरगी बोलली. ते वाक्य धाकटीच्या काळजात रुतून बसलं होतं.

तर धाकटी आपल्या बाकड्यावर टेकली. धोटा तिच्याच बाजूला पडून होता. त्या दिवशी थोरलीने तो सोडला, आणि मग काही न सांगता उठून गेली. धाकटीला वाटलं रुसली, आणि तिने मान वर केली नाही. थोरली अंगणात पडली होती हे तिला कळलं ते भाऊजींची हाक आल्यावर. ते आठवून धाकटीने पदराने डोळे टिपले आणि कात्री उघडली. पण ओळ अपुरी होती. अपुऱ्या ओळीवर कात्री चालवायची तिच्या जिवावर आलं. एवढी एक ओळ घालू आणि मग कापू, असं तिने ठरवलं.

आणि इथेच चुकलं. दुसऱ्या कुणाच्या हातून असली चूक झाली नसती, पण इतक्या वर्षांची सवय. धाकटीचं बोट आपसूक लाकडावर गेलं आणि दोनदा वाजलं. टकटक.

डावीकडून एकदा उत्तर आलं. टक.

तिच्या ते लक्षातही आलं नाही. पाय पावडीवर गेला, पावडी खाली गेली, धागे या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडले, धोटा हातातून सुटला आणि सुळकन पलीकडे गेला. तो खाली आपटल्याचा आवाज आला नाही, तेव्हा कुठे बाईच्या डोक्यात उजेड पडला.

डावं बाकडं रिकामं होतं. खिडकीतलं ऊन त्यावर पडलेलं, उन्हात लोकरीचे तंतू तरंगत होते. लोकरीला कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या लवंगांचा वास तेवढा आज जास्तच येत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग डाव्या बाजूला रंगीत धागे एकेक करून उचलले जाऊ लागले, सावकाश, एकाआड एक. ओळ भरली. टकटक झालं, धाकटीच्या बोटाने आपसूक एकदा टक केलं... आणि धोटा तिच्याकडे परत आला.

धाकटीची पाचावर धारण बसली होती हे खरं. पण पळून गेली म्हणाल तर नाही. हातात धोटा होता आणि हातात धोटा असला की तिला दुसरं काही सुचत नाही. "जाऊबाई?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. "न बोलायचं तर नका बोलू," धाकटी पुटपुटली, आणि तिने पुन्हा दोनदा टकटक केलं.

मग रोज दुपारी हेच. भाऊजी जेवून पेठेत गेले की धाकटी खोलीत यायची. भीती अशी दोन-तीन दिवसच वाटली. पुढे तर तिला बरंच वाटू लागलं. माणूस कायमचं गेलं असं वाटावं आणि ते आपल्या जागेवर येऊन बसावं, यात वाईट काय? मागाचं काम लांबतंय याबद्दल भाऊजींना तिने थाप मारली, गुंता फार झालाय, सुटता सुटत नाही म्हणाली. ती थाप अगदीच खोटी नव्हती.

सुट्टीला भिंगरी आली ती सरळ मागच्या खोलीत. वीतभर वाढलेलं पांघरूण तिने बघितलं, खाली आरसा धरला, आणि तिचा चेहराच बदलला.

"काकू, ही आईची वेल आहे."

"हो."

"तू तर म्हणालीस मला येत नाही." पोरीच्या आवाजात राग नव्हता, त्याहून वाईट काहीतरी होतं. "आईशी भांडण होतं ते माझ्यावर काढतेस? तुला येतं आणि तू मला देत नाहीस."

धाकटीला हे सहन झालं नाही. सगळं ऐकून घेईन, पण या पोरीने मला कद्रू म्हणावं? तिने होतं ते सगळं सांगून टाकलं. भिंगरीने ऐकून घेतलं, ओठ मुडपले, आणि सरळ डाव्या बाकड्यावर जाऊन बसली. "मग बघू दे आई मला ओळखते का," म्हणाली.

धाकटीने दोनदा वाजवलं. भिंगरीने बोट उचलायच्या आधीच उत्तर आलं. पोरगी दचकली, पण तोवर तिचे हात धाग्यांत गेले होते. जन्मात मागाला न शिवलेले हात ते, पण असे चालू लागले की धाकटी बघतच राहिली.

"काकू... माझे हात कुणीतरी धरलेत."

"दुखतंय?"

"नाही. गार आहेत. सांगतायत कसं करायचं ते." आणि ती रडायला लागली, हसत हसत रडायला लागली. धाकटीलाही भरून आलं. वेल वाचली, पोरीला आई भेटली, आणखी काय पाहिजे? त्या संध्याकाळी धाकटीने घरात गोडधोड केलं.

सुट्टी संपली, भिंगरी गेली नाही. रजा वाढवली म्हणाली. मग कामावरून फोन येऊ लागले, ते तिने घ्यायचे सोडले. सकाळी उठायच्या आधी ती बाकड्यावर, अंधार पडला तरी तिथेच. एका जागी न टिकणारी पोरगी पाणी प्यायलाही उठेना. धाकटीने घास भरवला तर खायची, नाही भरवला तर तशीच. "अगं, जरा पाय मोकळे कर," म्हटलं की "एवढी ओळ होऊ दे" म्हणायची. ओळ काही संपायची नाही. धाकटी मनात म्हणू लागली, जाऊबाई, पुरे आता, पोर दमली.

आणि मग तिला एक आठवलं, खरं म्हणजे पहिल्याच दिवशी आठवायला हवं होतं. थोरलीने लेकीला मागाजवळ फिरकू दिलं नाही ते लाडाने नव्हे. ती भाऊजींना सांगत होती ते धाकटीने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, "या बाकड्याने माझा जन्म खाल्ला. माझ्या पोरीचा नाही खाणार." असं म्हणणारी बाई मरून परत येईल आणि लेकीला त्याच बाकड्यावर खिळवून ठेवेल?

धाकटीने आरसा घेतला आणि वाकून पांघरुणाखाली धरला. वेल सुरेख उतरली होती. फारच सुरेख. प्रत्येक पानाच्या टोकाला गव्हाच्या दाण्याएवढी एक कळी होती.

थोरली कळ्या घालत नसे. कळीला वेळ फार जातो. सासू होती तोवर घातल्या, सासू गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तिने त्या सोडून दिल्या. कळीशिवाय एकही पान कुणी खपवून घेत नसेल, तर ते या घरात एकच माणूस होतं. धाकटीला लवंगांचा वास आला, आणि आता तो लोकरीतून येत नव्हता. सासूच्या गालात दिवसभर लवंग असायची.

ती खाली वाकलेली तशीच राहिली. वरून भिंगरीचा आवाज आला. आवाज पोरीचाच होता, जराही बदललेला नाही.

"धाकटे, ओळ थांबलीय. जागेवर बस."

या घरात तिला 'धाकटे' म्हणून हाक मारणारी एकच होती.

धाकटी उठली. पण या वेळी ती जागेवर बसली नाही. तिने बाकड्यावरची कात्री घेतली आणि उजव्या काठाशी उभी राहिली. वेल जाणार, हे तिला कळत होतं. पांघरुणाच्या दोन हात तुकड्यावर उरेल तेवढीच. पण पोरगी जाण्यापेक्षा वेल गेलेली बरी, इतका हिशेब धाकटीलाही येत होता.

"सासूबाई, मी बसेन. मरेपर्यंत बसेन," ती म्हणाली. "हिला सोडा."

"एकटीने... माग चालत नाही, धाकटे."

धाकटीने पहिले धागे कापले. ताणलेली लोकर तटकन तुटून मागे गेली. भिंगरीचे दोन्ही हात धोट्यावर होते, धोटा सोडत नव्हते. धाकटी कापत गेली. रुंद माग, जाड धागे, कात्री रुतायची. कचकच, कचकच. आणि मग तिच्या कानावर आलं की कचकच दोन आहेत. एक तिची. आणि एक डाव्या काठाकडून, जरा संथ, पण न थांबता तिच्याच दिशेने येणारी.

तिने मान वर केली नाही. त्या दिवशीही केली नव्हती. या वेळी मात्र रुसव्याने नाही. वर बघितलं तर कदाचित कापणारं थांबेल, असं तिला वाटलं. ती धागे बघत पुढे सरकत राहिली आणि मध्यावर आली, तेव्हा कापायला काही शिल्लकच नव्हतं. पलीकडचे सगळे धागे तुटून लोंबत होते. पांघरूण तिच्या पायांवर कोसळलं, आणि भिंगरी बाकड्यावरून कलंडली ती तिच्या अंगावर.

"जाऊबाई," धाकटी पोरीला कवटाळून रडत म्हणाली, "माझी पाखरं लंगडतात. खरंच लंगडतात हो."

भिंगरीला दोन दिवस ताप भरला, मग उतरला. झालं गेलं तिला फारसं आठवत नव्हतं. आठवत होते ते आईचे गार हात, आणि धाकटीने त्या आठवणीला धक्का लावला नाही. कशाला लावायचा? पोरगी खाऊन-पिऊन धडधाकट झाली, पांघरूण उराशी धरून शहरात परत गेली, नोकरीवर रुजू झाली. धाकटीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि सुताराला बोलावलं.

सुताराने माग सुटा केला, लाकडं अंगणात रचली. उजवं बाकडं त्याने एका हाताने उचलून नेलं. डाव्यापाशी मात्र तो आणि त्याचा भाऊ, दोघे घामाघूम झाले. "काय हो काकू, एवढंसं तर बाकडं," तो कंबर धरून म्हणाला. "यावर बसलेल्याला आधी उठवा की." आपल्याच विनोदावर हसून तो उद्या आणखी माणसं आणतो म्हणाला. धाकटीने खोलीला कुलूप घातलं. बसू दे, तिने मनाशी म्हटलं. पोर इथे नाही, माग नाही, बसून बसून किती बसणार?

सकाळी सुतार चार माणसं घेऊन आला. कुलूप काढल्यावर त्याने अंदाज घ्यायला म्हणून डाव्या बाकड्याला हात घातला, आणि तोल जाऊन मागेच पडला. बाकडं सहज उचललं गेलं होतं. माणसं त्याच्यावर खूप हसली.

धाकटी नाही हसली. तिने घरात जाऊन भिंगरीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"काकू, तुलाच सांगणार होते," पोरगी खुशीत होती. "मी एक माग घेतलाय. छोटासा गं, हातभर रुंद, एकटीने विणायचा. काल रात्री आणला आणि सकाळी उठून लावलासुद्धा. आईची वेल विसरले नाहीये मी. हात आपोआप चालतायत."

"बाळा, ऐक माझं. आधी त्याच्यापासून उठ."

"उठते गं. एवढी ओळ होऊ दे." फोनमध्ये लाकडाचा बारीकसा आवाज झाला. "थांब हं काकू, धोटा आला."